संघ पोचत नाही तिथे शिट्टी पोचते

११ जून २०१० या दिवशी जोहान्सबर्गच्या सॉकर सिटी मैदानावर विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा पहिला सामना झाला. आफ्रिकेच्या भूमीवरचा तो पहिलाच विश्वचषक. यजमान दक्षिण आफ्रिका आणि मेक्सिको समोरासमोर उभे होते आणि दोघांच्या मध्ये शिट्टी घेऊन उभे होते रावशान इर्मातोव. वय ३२, गाव ताश्कंद. त्यांच्या देशाचा, उझबेकिस्तानचा, संघ तोवर एकदाही विश्वचषकात खेळला नव्हता. तरी त्या देशाच्या माणसाने स्पर्धा सुरू करून दिली. त्या विश्वचषकात त्यांनी पाच सामने सांभाळले, २०१४ साली ब्राझीलमध्ये चार आणि २०१८ साली रशियात दोन. विश्वचषकाचे ११ सामने त्यांच्याआधी कोणत्याही पंचाच्या वाट्याला आले नव्हते.

भारताचा पुरुष संघही विश्वचषकात कधी खेळलेला नाही. १९५० साली ब्राझीलला जायची संधी होती, ती आपण घेतली नाही. भारतीय पंच मात्र तिथे उतरलेला आहे. २००२ साली जपान आणि दक्षिण कोरियात झालेल्या स्पर्धेत के. शंकर हे सहायक पंच म्हणून रेषेवर धावले. फुटबॉलवेड्या घरांतही हे नाव सहसा ऐकू येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. खेळाडू म्हणून जिथे पोचायला आपल्याला अजून किती काळ लागेल सांगता येत नाही, तिथे एक भारतीय माणूस हातात झेंडा घेऊन केव्हाच जाऊन आला. तो तिथवर कसा जातो, किती वर्षे लागतात, शरीराला आणि डोळ्यांना काय काय शिकवावे लागते, हे नीट पाहिले तर आंतरराष्ट्रीय पंच होणे ही आपल्या मुलामुलींसमोरची खरीखुरी वाट आहे, हे पटेल.

मी हे मुद्दाम वाडीतल्या घरांसाठी लिहितो आहे. वाडी म्हणजे बडोद्याच्या जुन्या शहरातला मराठी वस्तीचा भाग. रंगमहाल, चोखंडी, खारीवाव, पलीकडे मांडवी. इथे मुलाच्या हातात पहिल्यांदा बॅट येते आणि ते साहजिक आहे. विजय हजारे बडोद्याकडून खेळले, गायकवाड पितापुत्र दत्ताजीराव आणि अंशुमान इथले, किरण मोरे इथले, पठाण बंधू तर हाकेच्या अंतरावर मांडवीत वाढले. फुटबॉल या शहरात शाळांच्या मैदानांवर आणि विद्यापीठाच्या आवारात खेळला जातो, पण त्याला क्रिकेटचे प्रेम कधी मिळाले नाही. त्यातून फुटबॉलचा पंच व्हायचे म्हटले तर घरचे विचारतील, हा काय उद्योग?

त्यांना मला या शहराचाच एक वारसा दाखवावासा वाटतो. हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, हा खेळ गावोगावी वेगळा होता. संजीवनी या प्रकारात बाद झालेला गडी आपल्या बाजूने समोरचा एक मारला की पुन्हा जिवंत होई, गामिनीत बाद झालेला बाहेरच बसे, अमरमध्ये कोणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजले जात. दोन गावांचे संघ भिडले की आधी नियमांवरून वाद आणि मग खेळ. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापले आणि अखिल भारतीय स्पर्धा भरवली. पाठोपाठ खो-खोचे नियमही याच जिमखान्याने प्रसिद्ध केले. जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकरावांनी पिढ्या घडवल्या. द. चिं. मुजुमदारांनी बडोद्यातूनच दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत काढला. सयाजीराव महाराजांच्या राज्यात खेळ हा केवळ घाम गाळण्याचा विषय राहिला नाही, तो लिहून ठेवण्याचा, शिकवण्याचा आणि तपासण्याचा विषय झाला. आज कबड्डीच्या मैदानावर एक सरपंच आणि दोन पंच उभे राहतात आणि देशभर एकाच पुस्तकाप्रमाणे खेळ चालतो, त्यामागे या शहरातल्या मराठी माणसांचे कष्ट आहेत. नियम कागदावर आले की ते राबवणारा माणूस तयार करावा लागतो. हे ज्या शहराला शंभर वर्षांपूर्वी कळले, तिथून फुटबॉलचा मोठा पंच का निघू नये?

फुटबॉलमध्ये पंचाचे ओझे जरा जास्तच आहे. सुरुवातीला इंग्लंडमध्ये दोन्ही संघ आपापला एकेक पंच घेऊन येत आणि त्या दोघांचे जमले नाही तर बाहेर बसलेला तिसरा माणूस निकाल देई. १८९१ साली हे बदलले. त्या तिसऱ्याला मैदानात आणले, सगळा अधिकार त्याच्या हाती दिला आणि आधीचे दोघे झेंडे घेऊन कडेच्या रेषांवर गेले. पेनल्टी किकही त्याच वर्षीची. तेव्हापासून सुमारे शंभर मीटर लांबीच्या मैदानावर २२ खेळाडूंच्या मध्ये एकच माणूस धावतो आणि खेळातल्या घटनांबद्दलचा त्याचा निर्णय अंतिम असतो. त्याने धावायचे कसे, याचीही एक शिस्त आहे. मुख्य पंच मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरक्या रेषेत ये-जा करतो आणि दोन्ही सहायक उरलेल्या बाजू सांभाळतात. म्हणजे चेंडू कुठेही असला तरी दोन जोड्या डोळे दोन वेगळ्या कोनांतून त्याच्यावर असतात. ही पद्धत रूढ केली स्टॅन्ली राऊस यांनी. त्यांनी १९३४ सालच्या एफए कप अंतिम सामन्यात शिट्टी वाजवली, १९३८ साली फुटबॉलचे नियम नव्याने सुटसुटीत लिहिले आणि १९६१ ते १९७४ पर्यंत ते फिफाचे अध्यक्ष होते. पंचाची कारकीर्द किती दूरवर जाऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

आता समजा, वाडीतली १७-१८ वर्षांची एक मुलगी आहे. शाळेत फुटबॉल खेळली, जिल्ह्याच्या संघापर्यंत गेली, पुढे निवड झाली नाही. कॉलेज सुरू आहे. तिने राज्य फुटबॉल संघटनेच्या देखरेखीखाली होणाऱ्या पंचांच्या अभ्यासवर्गात नाव घातले. तिथे पहिल्यांदा तिच्या हातात नियमांचे पुस्तक येते. फुटबॉलचे नियम १७च आहेत, आणि एवढ्याशा संख्येमुळे पुष्कळांची फसगत होते. हात कुठवर ‘हात’ धरायचा, खांद्याची सीमा कुठे संपते, बचाव करणाऱ्याने चेंडू जाणूनबुजून खेळला की तो नुसता त्याला लागला, आक्रमकाची स्पष्ट संधी हिरावली गेली की फक्त चांगला हल्ला मोडला गेला, अशा शेकडो बारकाव्यांवर लेखी परीक्षा असते. शिवाय हे पुस्तक दर वर्षी बदलते. नियम ठरवणारे मंडळ १८८६ साली स्थापन झाले. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे एकेक मत आणि फिफाची चार मते. बदलाला आठांपैकी सहा मते लागतात. नवे नियम १ जुलैपासून लागू होतात. २०१९ साली संघाच्या प्रशिक्षकालाही कार्ड दाखवता येऊ लागले. २०२५ साली गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांहून जास्त हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर किक मिळू लागली. म्हणजे वीस वर्षांचा अनुभव असलेल्या पंचालाही दर पावसाळ्यात पुन्हा अभ्यासाला बसावे लागते.

परीक्षा झाली की मुलांचे सामने मिळतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या स्पर्धेत दिवसाला चार-पाच सामने, भर उन्हात, आणि कडेला ओरडणारे पालक. माझ्या मते पंचाची खरी शाळा हीच. फाऊल ओळखणे पुस्तकातून येते. फाऊल झाल्यावर पुढचे पाच सेकंद काय करायचे हे मात्र मैदानावरच कळते. ज्याच्यावर फाऊल झाला त्याचाच संघ पुढे धावत असेल तर शिट्टी थांबवून दोन्ही हात पुढे करायचे, म्हणजे अॅडव्हान्टेज द्यायचा. तो फायदा प्रत्यक्षात मिळाला नाही तर मागे येऊन फ्री किक द्यायची. दोन मुले भिडायला लागली तर आधी मध्ये जाऊन उभे राहायचे, कार्ड नंतर. शिट्टीलाही सूर असतो. थ्रो-इनसाठी ती लागतच नाही, साध्या फाऊलला आखूड, धोकादायक टॅकलला लांब आणि कडक. हे सूर लहान मुलांच्या सामन्यांतच कानात बसतात.

शिट्टीवरून आठवले. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांची ‘अॅक्मे थंडरर’ ही आत गोळी असलेली शिट्टी १८८४ पासून जगभर वाजली. शंभर वर्षांनी, १९८४ साली, कॅनडाचे बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची अशीच शिट्टी ब्राझीलमधल्या सामन्यात ऐन मोक्याच्या क्षणी वाजली नाही, आतली गोळी अडकली. मग त्यांनी गोळीच नसलेली शिट्टी बनवून घेतली. ती ‘फॉक्स ४०’ या नावाने बाजारात आली आणि आज फुटबॉलचे कित्येक पंच तीच वापरतात. एका पंचाच्या अडचणीतून सगळ्या पंचांची सोय झाली.

पुढची पायरी जिल्ह्यातून राज्याकडे आणि राज्यातून राष्ट्रीय यादीकडे जाते. प्रत्येक पायरीवर लेखी परीक्षा, धावण्याची परीक्षा आणि प्रत्यक्ष सामन्यातले निरीक्षण. प्रेक्षकांत एक जुना पंच वही घेऊन बसतो. पंच कुठे उभा होता, पळाला किती, कोणत्या निर्णयाला उशीर झाला, खेळाडूंशी बोलला कसा, हे सगळे तो टिपतो आणि सामन्यानंतर समोर बसवून सांगतो. खेळाडूच्या चुका गर्दीत विरून जातात, पंचाच्या एकेक करून वाचून दाखवल्या जातात. ज्याला हे ऐकून घेता येते तोच वर जातो.

धावण्याच्या परीक्षेबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण ‘पंच म्हणजे खेळ सोडलेला, पोट सुटलेला माणूस’ हे चित्र अजूनही आपल्या डोक्यातून गेलेले नाही. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या पुरुष पंचाला आधी ४० मीटरच्या सहा दौडी माराव्या लागतात, प्रत्येक सहा सेकंदांच्या आत, मध्ये जेमतेम श्वास घेण्यापुरती सवड. थोड्या विश्रांतीनंतर दुसरा भाग. ७५ मीटर १५ सेकंदांत धावायचे, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचे, पुन्हा ७५ धावायचे, पुन्हा २५ चालायचे. असे ४० वेळा, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर दहा फेऱ्या, एकूण चार किलोमीटर. शिट्टी वाजण्याआधी पाय ठरलेल्या टप्प्यात पडला नाही तर ताकीद, आणि पुन्हा तसेच झाले तर बाद. महिला पंचांना ४० मीटरला ६.४ सेकंद, ७५ मीटरला १७ सेकंद आणि चालायला २० सेकंद मिळतात. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात काम करायचे असेल तर त्यांनाही पुरुषांचीच वेळ गाठावी लागते. सहायक पंचांची परीक्षा निराळी आहे. त्यांना रेषेवर आडवे सरकत धावावे लागते, क्षणात दिशा बदलावी लागते, म्हणून १० मीटर पुढे, आठ मीटर आडवे एका बाजूला, आठ मीटर आडवे परत आणि १० मीटर पुढे हे सगळे पुरुषांनी दहा सेकंदांत पुरे करायचे. त्यानंतर ३० मीटरच्या पाच दौडी.

एवढी कडक परीक्षा उगाच नाही. मुख्य पंच एका सामन्यात दहा ते बारा किलोमीटर धावतो. बेल्जियमचे संशोधक वेर्नर हेल्सन यांनी युरो २००० स्पर्धेतल्या पंचांचा अभ्यास केला तेव्हा एका सामन्यात पंच सरासरी १३७ दृश्य निर्णय घेतो आणि त्याचे हृदय कमाल क्षमतेच्या सुमारे ८५ टक्क्यांवर धडधडत असते असे आढळले. दर मिनिटाला एकाहून जास्त निर्णय, तोही धापा टाकत. दम लागलेल्या माणसाची नजर आकुंचते आणि मेंदू सोपे उत्तर शोधतो. शेवटच्या दहा मिनिटांत पेनल्टीचा निर्णय बरोबर यायचा असेल तर पहिली ऐंशी मिनिटे पाय ताजे राहायला हवेत.

डोळ्यांचे शिक्षण याहून अवघड. ऑफसाइड ठरवताना सहायक पंचाला गोलरक्षक धरून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या नेमक्या रेषेत राहावे लागते. पास सुटतो तो क्षण एका बाजूला आणि आक्रमकाची जागा दुसऱ्या बाजूला, दोन्ही एकदम बघायची. २००० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात नेदरलँड्सचे राऊल औदेयान्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की यातल्या बऱ्याच चुका हलगर्जीपणाच्या नसतात. सहायक पंच रेषेतून थोडा जरी सरकला की त्याच्या डोळ्याला दिसणारा कोन बदलतो. मग मैदानाच्या पलीकडच्या कडेने धावणारा आक्रमक आणि अलीकडच्या कडेने धावणारा आक्रमक त्याला खऱ्या जागेहून उलटसुलट दिसतात. एक नियमात असून बाहेर वाटतो, दुसरा बाहेर असून नियमात वाटतो. म्हणून चांगला सहायक पंच चेंडूमागे धावत नाही, रेषेमागे धावतो, आणि पास ऐकतो: बूट चेंडूला लागल्याचा आवाज कानाने, खेळाडूची जागा डोळ्याने.

या कलेत भारताने जगाला दोन माणसे दिली आहेत. एक के. शंकर. दुसऱ्या गोव्याच्या उवेना फर्नांडिस. फर्नांडिस आधी फुटबॉल खेळल्या, मग झेंडा हाती घेतला आणि २०१६ साली जॉर्डनमध्ये झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. आशियाई फुटबॉल महासंघाने पंचांसाठीचा विशेष पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. पणजी-मडगावच्या पोरांना फुटबॉल बाळकडूबरोबर मिळतो, पण तिथेही एका मुलीने खेळाडू म्हणून थांबल्यावर रेषेवर उभे राहायचे ठरवणे सोपे नव्हते. आपली दोन्ही मोठी नावे रेषेवरची आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते. सहायक पंचाला फिफाच्या आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीत २३ व्या वर्षापासून जाता येते, मुख्य पंचाला २५ व्या. रेषेवरचे काम नेमके, मोजता येण्याजोगे आणि सरावाने घोटता येण्याजोगे असते. आपल्या मुलींना सुरुवातीला हाच रस्ता दाखवावा असे माझे मत आहे.

खेळून मग पंच झालेल्यांत सगळ्यात मानाचे नाव हैदराबादचे सय्यद शाहिद हकीम यांचे. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या भारतीय संघात ते होते. वडील सय्यद अब्दुल रहीम त्या संघाचे प्रशिक्षक. हकीम हवाई दलात अधिकारी झाले, फिफाचा बॅज मिळवला आणि १९८८ च्या कतारमधल्या आशियाई चषकात पंच म्हणून उतरले. त्या पिढीत हा क्रम चालत असे: आधी खेळ, मग नोकरी, मग शिट्टी. आजच्या खेळाच्या वेगात तो चालत नाही. ३३-३४ व्या वर्षी खेळ सोडून शून्यापासून पंच होणारा माणूस राष्ट्रीय यादीत येईपर्यंत चाळिशीला टेकतो. इर्मातोव २००३ साली, पंचविशीतच, फिफाच्या यादीत होते. म्हणून बत्तिसाव्या वर्षी विश्वचषकाची सलामी त्यांच्या हाती आली.

प्रेक्षकांच्या आवाजाचे ओझे वेगळेच. ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग केला. परीक्षा उत्तीर्ण ४० पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातले टॅकल चित्रफितीवर दाखवले. काहींना गर्दीचा आवाज ऐकवला, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. ही लबाडी नव्हती. हजारो लोक ओरडतात तेव्हा हात आपोआप थबकतो. चांगल्या पंचाला हे स्वतःबद्दल माहीत असावे लागते. आणि खालच्या पायरीवर तर पंचाला शिवीगाळच सोसावी लागते. इंग्लंडमध्ये २०२३ साली हौशी सामन्यांतल्या पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून पाहावे लागले, एवढा तिथला त्रास वाढला होता. आपल्याकडेही पुष्कळ तरुण पंच पहिल्या एक-दोन हंगामांतच शिट्टी ठेवून देतात. त्याचे कारण बहुतेक वेळा नियम नसतात, कडेला उभे असलेले मोठे लोक असतात. पालकांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल: मुलांच्या सामन्यात पंचाशी बोलायचेच नाही.

राष्ट्रीय यादीतून पुढे जायचे तर आपल्या देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये किमान दोन वर्षे नियमित काम केलेले असावे लागते. मग देशाची संघटना दर वर्षी नावे सुचवते, फिफा ती तपासते आणि १ जानेवारीपासून नवी यादी लागू होते. छातीवर शिवलेल्या बॅजवर त्या वर्षाचा आकडा असतो. तो एकाच वर्षाचा. धावण्याच्या परीक्षेत चुकलात, पाय दुखावला, हंगाम वाईट गेला, तर पुढच्या वर्षी बॅज नाही. पूर्वी वयाच्या ४५ व्या वर्षी सक्तीने थांबावे लागे. आता फिफाने ती अट काढली आहे, पण वय वाढले तरी घड्याळ तेच सहा सेकंदांचे.

बॅज मिळाल्यावर परदेशी सामने सुरू होतात, कारण आंतरराष्ट्रीय सामन्याला तिसऱ्या देशाचे पंच लागतात. आधी वयोगटांच्या स्पर्धा, मग क्लबांचे आशियाई सामने, मग देशांचे. सगळ्या सूचना, बैठका आणि सामन्यानंतरचा अहवाल इंग्रजीत. क्वालालंपूरला आशियाई महासंघाची पंच प्रबोधिनी आहे, तिथे निवडक तरुणांना अनेक वर्षांचे शिक्षण मिळते. पण इथे आपल्या पंचांपुढे एक मोठी अडचण उभी आहे. २०१८ पासून व्हिडिओ साहाय्य फुटबॉलच्या नियमांत आले आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात वापरले गेले. फिफाची व्हिडिओ पंचांची आता स्वतंत्र यादी असते. इंडियन सुपर लीगची पहिली दहा वर्षे मात्र व्हिडिओशिवाय गेली. घरच्या मैदानावर ज्या यंत्रणेचा सराव नाही, तिच्यासह मोठ्या स्पर्धेत उतरायचे कसे? कानात व्हिडिओ कक्षाचा आवाज, समोर चिडलेले खेळाडू, कडेच्या पडद्यावर तीच घटना संथ गतीत. संथ गतीत प्रत्येक धक्का मुद्दाम मारल्यासारखा दिसतो, म्हणून जोर किती होता ते मूळ वेगातच बघावे लागते. हे सरावानेच येते. आपले पंच कमी पडतात असे म्हणण्याआधी ही यंत्रणा त्यांना मिळाली का, हे विचारले पाहिजे.

महिलांसाठी दार आता खरोखर उघडले आहे. १ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये जर्मनी आणि कोस्टा रिका यांच्यातल्या पुरुषांच्या विश्वचषक सामन्यात फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार मुख्य पंच होत्या आणि रेषांवर ब्राझीलच्या नेउझा बॅक व मेक्सिकोच्या कारेन दियाझ. तिघीही महिला. पुरुषांच्या विश्वचषकात हे पहिल्यांदाच घडले. त्यांना कोणी सवलत दिलेली नव्हती, त्या पुरुषांच्याच घड्याळावर धावून तिथे आल्या होत्या.

पैशाबद्दल घरच्यांना खोटी आशा दाखवू नये. खालच्या पायऱ्यांवर पंचाचे मानधन प्रवासात आणि बुटांतच जाते. आपल्याकडचे बहुतेक पंच नोकरी सांभाळून वर आले. त्यामुळे सुट्टी देणारी नोकरी ही पंचाच्या कारकिर्दीतली फार मोठी गोष्ट असते. शिक्षकाची, रेल्वेची, सरकारी कचेरीतली नोकरी असली आणि वरिष्ठांनी सामन्यांसाठी मोकळे सोडले तर माणूस टिकतो. बडोद्यात अशा नोकऱ्या कमी नाहीत.

आता वाडीतल्या त्या मुलीचा हिशेब मांडू. सहायक पंच म्हणून २३ व्या वर्षी फिफाच्या यादीत जायची तिची इच्छा असेल तर २१ व्या वर्षी ती देशाच्या सर्वोच्च महिला लीगमध्ये रेषेवर हवी. त्यासाठी विसाव्या वर्षाच्या आसपास राष्ट्रीय परीक्षा, त्याआधी राज्याची, आणि त्याहीआधी निदान एक-दोन हंगाम मुलांच्या सामन्यांचे. म्हणजे शिट्टी सतराव्या-अठराव्या वर्षी हातात यायला हवी, बारावीच्या परीक्षेच्या आसपास. मुख्य पंच व्हायचे असेल तर आणखी दोन वर्षे हाताशी आहेत. आपल्या शाळांच्या सामन्यांत बहुधा क्रीडाशिक्षकच पंच असतात. त्यांनी दहा वर्षांखालच्या मुलांचे सामने अकरावी-बारावीच्या मुलामुलींकडे द्यावेत, कडेला उभे राहून बघावे आणि सामना संपल्यावर त्यांना त्यांच्या चुका सांगाव्यात. याला वेगळे मैदान लागत नाही, निधी लागत नाही. पुढच्या हंगामापासून करता येईल.